साबणाची कृती ग्रॅममध्ये छापा, आणि गणपतीतच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की पुरवण्यांमधून घरगुती सुगंधी साबण, उटणे, अभ्यंगाचे तेल, बाथ सॉल्ट यांच्या कृती येऊ लागतात. लोक त्या कापून ठेवतात, करूनही बघतात, हे चांगलेच आहे. पण या कृतींत दोन खोडी ठरलेल्या. मापे वाटी, चमचा आणि थेंबांत असतात. आणि साबणाची कृती वसुबारसेच्या आठवड्यात छापली जाते, जेव्हा ती करून त्या दिवाळीला काहीच हाती लागत नाही. आम्ही मुंबईत या वस्तू करणारी आणि शिकवणारी मंडळी आहोत. पुढच्या वर्षी या कृती छापताना उपयोगी पडेल असे काही तपशील इथे देत आहोत. पत्र लांबले आहे, त्याला इलाज नाही. या विषयात थोडक्यात सांगितलेलेच अंगाशी येते.

आधी वेळेचे. तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून केलेला साबण, ज्याला कोल्ड प्रोसेस म्हणतात, तो ओतल्यावर चार ते सहा आठवडे मुरावा लागतो. पहिल्या दोन दिवसांत बहुतेक कॉस्टिक तेलाशी संयोग पावून संपतो. उरलेले आठवडे पाणी उडायला आणि वडी कडक व्हायला लागतात. न मुरलेली वडी बाथरूममध्ये चार दिवसांत विरघळून लिबलिबीत होते. पंचांगाच्या हिशेबाने अनंत चतुर्दशीपासून नरक चतुर्दशीपर्यंत साधारण चव्वेचाळीस दिवस मिळतात (मध्ये अधिक मास नसेल तर). म्हणजे विसर्जनाच्या सुमारास ओतलेला साबण अभ्यंगस्नानाला बरोबर तयार. उटण्याची कृती दसऱ्याला छापली तरी चालते. दिवाळीच्या आठवड्यात छापण्याजोगी एकच साबणाची कृती आहे, ती म्हणजे तयार ग्लिसरीन बेस (आधीच बनवलेला, वितळवून साच्यात ओतायचा साबण) वितळवून करायची.

आता मापांचे. प्रत्येक तेलाला साबण होण्यासाठी वेगवेगळा कॉस्टिक लागतो. एक ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा तेलाला ०.१३६, कोकमाच्या तेलाला (कोकणात ज्याला भिरंडेल किंवा मुठेल म्हणतात) तेवढाच, आणि एरंडेलाला ०.१२८. यावरून एक भरवशाची कृती अशी बसते: खोबरेल २०० ग्रॅम, शेंगदाणा तेल २०० ग्रॅम, भिरंडेल ५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. एकूण तेल ५००. खोबरेल फेस आणि कडकपणा देते, पण एकटे वापरले तर अंग कोरडे पाडते. शेंगदाणा तेल मऊपणा देते. भिरंडेलाने वडी टणक होते. एरंडेलाने फेस टिकतो. या सगळ्याला मिळून कॉस्टिक लागतो ७७ ग्रॅम. त्यातून पाच टक्के कमी करायचा, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते आणि वजनातल्या बारीकसारीक चुकीला जागा मिळते. हातात आकडा येतो ७३ ग्रॅम. पाणी १६० ग्रॅम, सुगंध जास्तीत जास्त १५ ग्रॅम.

या ७३ चे महत्त्व कळण्यासाठी दोन उदाहरणे पुरेत. खोबरेल संपले म्हणून कोणी पाचशेच्या पाचशे ग्रॅम शेंगदाणा तेल घेतले, तर त्याला ६८ ग्रॅमच कॉस्टिक पुरतो. वरचे पाच ग्रॅम वडीत तसेच मोकळे राहतात आणि अंग भाजतात. दुसरे उदाहरण रोजचे आहे. तेलाच्या पिशवीवर १ लिटर आणि ९१० ग्रॅम असे दोन्ही छापलेले असते. ज्याने ५०० ग्रॅमऐवजी ५०० मिलिलिटर तेल ओतले त्याच्या पातेल्यात प्रत्यक्षात ४५५ ग्रॅमच पडते. त्याला लागतो ७० ग्रॅम कॉस्टिक, घातलेला असतो ७३. पाच टक्क्यांची सवलत तर गेलीच, वर तीन ग्रॅम मोकळा उरला. "अर्धा लिटर तेल, चार चमचे कॉस्टिक" असे छापणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. शिवाय कॉस्टिक कधी पत्रीच्या रूपात येतो, कधी गोळ्यांच्या. दोघांचा एक चमचा सारख्या वजनाचा भरत नाही. एक ग्रॅमपर्यंत अचूक असा साधा डिजिटल काटा नसेल तर हा साबण करायलाच घेऊ नये, असे आम्ही शिकायला येणाऱ्यांना सांगतो.

कॉस्टिक सोडा प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत मिळतो. मोरी साफ करायची पावडर म्हणून मिळतो तो घ्यायचा नाही. त्यात इतर काय मिसळले आहे याचा भरवसा नसतो आणि काहींत अ‍ॅल्युमिनियमचा चुराही असतो. प्रयोगशाळेच्या दर्जाचा, सीलबंद डबा मागावा आणि उघडल्यावर घट्ट झाकावा. मुंबईच्या पावसाळी हवेत उघडा राहिलेला कॉस्टिक तासाभरात ओलसर, चिकट होतो. मग काट्यावर दिसणाऱ्या ७३ ग्रॅममध्ये काही ग्रॅम नुसते पाणी असते, साबण तेलकट आणि मऊ राहतो, आणि दोष मात्र तेलाला दिला जातो. म्हणून भाद्रपदात काम करताना सगळ्यात शेवटी कॉस्टिक मोजायचा आणि मोजला की लगेच पाण्यात टाकायचा.

पाण्यात कॉस्टिक टाकायचा. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचे नाही, ते उसळून तोंडावर येते. हे मिश्रण काही सेकंदांत ८० ते ९० अंशांपर्यंत तापते आणि त्याची वाफ घशाला झोंबते, म्हणून खिडकीपाशी, पंखा बंद ठेवून, डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे घालून हे काम करायचे. भांडे स्टीलचे किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनचे, ज्याच्या बुडावर ५ आकडा असतो ते. काचेचे नको, कधीतरी ते तडकते. अ‍ॅल्युमिनियम आणि हिंडालियम तर मुळीच नको: कॉस्टिक त्याला खातो, फसफसतो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. आपल्याकडे घरोघरी हिंडालियमची पातेली आणि कढया आहेत, तरी छापील कृतींत हा इशारा क्वचितच दिसतो. स्वस्त हँड ब्लेंडरच्या तळाची वाटीही कित्येकदा अ‍ॅल्युमिनियमची असते. ती काळी पडते आणि साबणात करडे डाग उतरतात. दुधाचे टेट्रापॅक साचा म्हणून वापरायची पद्धत आहे, त्यातही आत अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो आणि कापलेल्या कडेला तो उघडा पडतो. प्लास्टिकच्या डब्यात बटर पेपर घातला की काम भागते.

अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे धरायचे. व्हिनेगर किंवा लिंबू चोळायचे नाही. आम्ल आणि कॉस्टिक भेटले की आणखी उष्णता निघते आणि भाजणे वाढते. डोळ्यात गेले तर धुता धुताच डॉक्टरांकडे जाण्याची तयारी करायची. घरात लहान मूल असेल तर ते झोपलेले असताना नव्हे, घराबाहेर असताना हे काम करावे. वन रूम किचनमध्ये एवढी तरी शिस्त हवीच.

भिरंडेल चाळीस अंशांच्या आसपास वितळते, म्हणून ते आधी तेलांत वितळवून घ्यायचे. तेल आणि कॉस्टिकचे पाणी दोन्ही साधारण ४० अंशांवर आले की पाणी तेलात धार धरून सोडायचे. ब्लेंडर सलग चालवायचा नाही. पाच सेकंद चालवायचा, मग तोच बंद ठेवून त्याने हलवायचे. मिश्रण पातळ कस्टर्डसारखे झाले आणि वरून सोडलेल्या धारेची रेघ क्षणभर उमटून राहिली की झाले. याला ट्रेस म्हणतात. तेल थंड असेल तर भिरंडेल गोठूनच मिश्रण घट्ट दिसते. तो खोटा ट्रेस. असा साबण साच्यात गेल्यावर खाली कॉस्टिकचे पाणी आणि वर तेल असा फुटतो. शंका आली तर पातेले किंचित कोमट करून पुन्हा ब्लेंडर फिरवावा.

परदेशी कृतींत साचा टॉवेलात गुंडाळायला सांगतात. तो सल्ला थंड देशातला आहे. मुंबईत मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये गुंडाळलेला साबण आतून इतका तापतो की मधोमध भेग पडते, कधी तर साच्याबाहेर येतो. दूध, मध किंवा गूळ घातला असेल तर हमखास. इथे साचा उघडाच, भिंतीपासून लांब ठेवावा. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी वड्या कापाव्यात. दोन दिवसांनी ओले बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावावे. बॅटरी चाटल्यासारखा झटका बसला तर कॉस्टिक मोकळा आहे. आठवड्यानंतरही झटका बसत असेल तर तो साबण अंगाला लावायचा नाही.

आणि लिंबू. "पीएच संतुलित करण्यासाठी लिंबाचा रस घाला" हे वाक्य पुन्हा पुन्हा छापले जाते. खरा साबण अल्कधर्मीच असतो, पीएच नऊ ते दहा. त्यात आम्ल घातले की ते आधी कॉस्टिकच खाते: एक ग्रॅम सायट्रिक आम्ल सुमारे ०.६२ ग्रॅम कॉस्टिक संपवते. परिणामी तेल जास्त उरते, पीएच होता तिथेच राहतो. तशीच गंमत "केमिकल-फ्री" या शब्दाची. कॉस्टिकशिवाय साबण होत नाही. तयार बेसमध्येही साबण असेल तर तो बनवताना कोणीतरी, कुठेतरी कॉस्टिक वापरलेलाच असतो.

सुगंधाच्या बाबतीत थेंबांचे माप दोन्हीकडून फसवते. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, तोही ड्रॉपरवर आणि तेलाच्या दाटपणावर अवलंबून. वाळ्याचा थेंब संत्र्याच्या थेंबापेक्षा बराच जाड पडतो. वरच्या साबणाला १५ ग्रॅम सुगंध लागतो, म्हणजे जवळपास तीनशे थेंब. "दहा थेंब घाला" म्हटले तर वास कुणालाच येणार नाही. तेच दहा थेंब १० मिलिलिटर चेहऱ्याच्या तेलात घातले तर ते पाच टक्के होतात, आणि चेहऱ्यावर राहणाऱ्या तेलात अर्धा ते एक टक्का पुरे असतो. धुऊन जाणाऱ्या साबणाला तेलाच्या तीन टक्क्यांपर्यंत, अंगावर राहणाऱ्या तेलाला किंवा लोशनला एक, फार तर दोन टक्के. कृतीत टक्केवारी छापली की हा गोंधळ मिटतो.

सुगंधी द्रव्य घेताना दुकानदाराकडे इफ्रा प्रमाणपत्र मागावे. इफ्रा ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना असून कोणत्या प्रकारच्या वस्तूत तो सुगंध किती टक्क्यांपर्यंत चालतो हे त्या कागदावर लिहिलेले असते. साबणासाठी नववा प्रकार बघायचा, लोशनसाठी पाचवा. अगरबत्ती, मेणबत्ती किंवा रूम फ्रेशनरसाठीचा सुगंध स्वस्त मिळतो, पण तो त्वचेसाठी नसतो. मोहम्मद अली रोडवर अत्तरे चांगली मिळतात, मात्र पन्नास रुपयांत मिळालेले गुलाबाचे किंवा चंदनाचे "शुद्ध" तेल कृत्रिम आहे हे गृहीत धरावे. कृत्रिम असणे हा काही गुन्हा नव्हे. साबणात तर खरे गुलाबाचे अत्तर घालणे म्हणजे पैसे मोरीत ओतणे. कॉस्टिकपुढे त्याचा नाजूक वास टिकत नाही. संत्रे, मोसंबी, लिंबू यांचे वासही महिनाभरात उडतात. टिकतात ते वाळा, पाच (म्हणजे पॅचौली), गवती चहा, देवदार. गवती चहाबरोबर थोडे पाच घातले की हलका वासही धरून राहतो. लवंग आणि दालचिनी यांपासून सावध राहावे: लवंगेतल्या युजेनॉलमुळे साबण पातेल्यातच दगडासारखा अडतो, आणि दालचिनीच्या तेलाने पुष्कळांच्या अंगावर पुरळ येते. मोगऱ्याचे काही सुगंधही मिश्रण झपाट्याने घट्ट करतात, म्हणून फुलांचा सुगंध हलक्या ट्रेसवर घालून ब्लेंडर बाजूला ठेवावा आणि पळीने हलवावे. व्हॅनिला असलेला सुगंध घातलेली पांढरी वडी महिन्याभरात चहाच्या रंगाची होते. खराब नसते, फक्त तशी दिसते.

मुरवण्यासाठी वड्या लोखंडी जाळीवर ठेवू नयेत. लोखंड आणि दमट हवा मिळून वडीवर नारिंगी ठिपके येतात आणि खवट वास सुटतो; वडीतले मोकळे तेल बिघडल्याची ती खूण आहे. हे टाळण्यासाठी पाणीही डिस्टिल्ड घ्यावे, जुन्या लोखंडी नळाचे नको. वड्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या जाळीवर, एकमेकींना न चिकटता, पंख्याच्या वाऱ्यात, स्वयंपाकघरापासून लांब ठेवाव्यात. साबण वापरताना मुंबईकरांचे एक नशीब आहे. तानसा, वैतरणा, भातसा यांचे तलावाचे पाणी बऱ्यापैकी मृदू असल्याने फेस छान येतो. उपनगरात टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी असेल तिथे तीच वडी चिकट साका सोडते. तो दोष पाण्याचा.

ग्लिसरीन बेस सोपा आहे, पण त्याचीही एक खोड आहे. त्यातले ग्लिसरीन हवेतले पाणी ओढते आणि दमट दिवशी वडीवर घामासारखे थेंब जमतात. बेस डबल बॉयलरवर ७० अंशांच्या आत वितळवायचा, साधारण ५५ ते ६० अंशांवर एक ते दोन टक्के सुगंध घालायचा, ओतल्यावर वरचे बुडबुडे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फवाऱ्याने घालवायचे, आणि गोठला की त्याच तासात प्लास्टिक फिल्ममध्ये घट्ट गुंडाळायचा. लवकर गोठावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवला तर बाहेर काढल्याबरोबर तो घामाने निथळतो. ताज्या गुलाबपाकळ्या किंवा झेंडू घालू नयेत, दोन दिवसांत तपकिरी पडतात आणि पुढे बुरशी धरतात.

बाथ बॉम्बबद्दल, म्हणजे पाण्यात टाकला की फसफसणाऱ्या गोळ्याबद्दल, एवढेच. दोन भाग खाण्याचा सोडा, एक भाग सायट्रिक आम्ल, हे प्रमाण बरोबरच आहे. पण जून ते सप्टेंबर मुंबईत तो साच्यातच फुगतो, आणि बारा महिने तो टाकायला टब कुठे आहे? बादली-तांब्याच्या आंघोळीत बाथ सॉल्टचाही फारसा उपयोग नाही. पाय बुडवायच्या टबात चार-पाच लिटर कोमट पाण्याला १०० ग्रॅम एप्सम सॉल्ट घेतले तर ठीक. "बादलीत निलगिरीचे पाच थेंब टाका" हा सल्ला मात्र बंद व्हायला हवा. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते, आणि पहिल्याच तांब्याबरोबर न विरळलेले अंगावर येते. एका भागाला निदान चार भाग पॉलिसॉर्बेट २० (तेल पाण्यात मिसळवणारे द्रव्य) मिसळूनच ते पाण्यात घालावे. निलगिरी, कापूर, पुदिना हे दोन वर्षांखालच्या मुलांच्या आंघोळीत अजिबात नकोत.

उटण्याकडे वळू. एक किलोसाठी मुलतानी माती ३०० ग्रॅम. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, गुलाबपाकळी आणि संत्र्याची साल प्रत्येकी १०० ग्रॅम. अनंतमूळ आणि जटामांसी प्रत्येकी ५० ग्रॅम. सगळे काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. वाळा कात्रीने अर्धा सेंटिमीटर कापून, कडक वाळवून मगच दळावा. अखंड मुळ्या मिक्सरमध्ये टाकल्या तर त्यांचा कापूस होतो. नागरमोथा आधी खलबत्त्यात फोडून घ्यावा, नाहीतर मिक्सरचे पाते जाते. संत्र्याची साल मोडताना कट्ट आवाज येईपर्यंत सुकायला हवी. शेवटी सगळे वस्त्रगाळ करायचे. चाळणीतून काढलेल्या उटण्यात वाळ्याचे तंतू राहतात आणि ते अंगाला ओरखडतात. स्वयंपाकाची हळद घालू नये, पंचे आणि मोरी पिवळी होते. आंबेहळद डागत नाही म्हणावे इतकी कमी डागते. मसुराचे किंवा हरभऱ्याचे पीठ डब्यात मिसळून ठेवू नये. मुंबईच्या हवेत महिन्या-दीड महिन्यात त्यात पोरकिडे होतात. पीठ हवे तर आंघोळीच्या वेळी चमचाभर घ्यावे.

उटण्याच्या कित्येक छापील यादींत बावची असते. ती वगळावी. बावचीत सोरालेन हे द्रव्य असते, ते त्वचेवर राहून ऊन लागले की भाजल्यासारखे लाल चट्टे उठतात आणि पुढे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. उटण्यात पिळलेल्या कागदी लिंबाचेही तेच. लेमनचे (पिवळ्या विलायती लिंबाचे) आणि बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळाचे दाबून काढलेले तेल अंगावर राहणाऱ्या तेलात घालायचे तर लेमनचे दोन टक्क्यांच्या आत, बर्गामॉटचे ०.४ टक्क्यांच्या आत.

अभ्यंगाच्या तेलाचे जुने प्रमाण आजही चोख आहे: कल्क (वनस्पतींची वाटून केलेली चटणी) एक भाग, तेल चार भाग, काढा सोळा भाग. म्हणजे ५० ग्रॅम वाटलेला कल्क, २०० ग्रॅम तिळाचे तेल, ८०० ग्रॅम काढा. मंद आचेवर, तळाला लागू न देता पाणी आटवायचे. झाले हे ओळखायच्या खुणा पुरवण्यांत कधीच नसतात. तेलावर फेस येऊ लागतो. कल्काची बोटांत वात वळता येते. आणि ती वात ज्योतीवर धरली की तडतडत नाही. तडतडली तर पाणी बाकी आहे, आणि पाणी राहिलेले तेल पंधरवड्यात खवट होते. कल्क कुरकुरीत होऊन काळा पडला तर तेल जळले. कपूरकाचरी, कापूर, केशर यांसारखी सुगंधी द्रव्ये उकळत ठेवली तर त्यांचा वास वाफेबरोबर जातो. ती ज्या भांड्यात तेल गाळायचे त्याच्या तळाशी आधीच ठेवून वर कोमट तेल गाळायचे. वैद्य याला पात्रपाक म्हणतात. ताजी मोगऱ्याची फुले तेलात बुडवून बाटली खिडकीत ठेवण्याची कृती दिसायला सुरेख असते, पण फुलातले पाणी तेलात उतरते आणि आठवड्यात त्यावर बुरशीचा तवंग येतो.

पाणी असलेल्या प्रत्येक वस्तूचा हाच प्रश्न आहे. गुलाबपाणी, कोरफडीचा गर, लोशन, ओल्या हाताने बोटे घालायचा स्क्रब. व्हिटॅमिन ई हे तेल खवट होऊ देत नाही, जंतू मारत नाही. ते प्रिझर्व्हेटिव्ह नव्हे. लोशन करायचेच तर पाणी ७४, तेल १५, इमल्सिफाइंग वॅक्स (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे मेण) ६, ग्लिसरीन ३.५, फिनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह १ आणि सुगंध अर्धा टक्का. तेल-मेण आणि पाणी दोन्ही वेगवेगळे ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवून एकत्र करायचे. प्रिझर्व्हेटिव्ह आणि सुगंध चाळीस अंशांखाली. ज्यांना प्रिझर्व्हेटिव्ह नको आहे त्यांनी पाणी नसलेला मलम करावा: भिरंडेल ५०, तिळाचे तेल ३०, मधमाशीचे मेण २० ग्रॅम. टाचांना उत्तम.

शेवटी विक्रीबद्दल. सोसायटीच्या प्रदर्शनात, बचत गटांच्या टेबलावर, व्हॉट्सअ‍ॅपवर या वस्तू सर्रास विकल्या जातात आणि "घरगुती आहे, परवाना कशाला" असे समजले जाते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. त्याच्या व्याख्येतून साबण पूर्वी वगळलेला होता, १९८२ च्या दुरुस्तीने तो अपवाद गेला. सौंदर्यप्रसाधने नियम २०२० नुसार विक्रीसाठी उत्पादन करायचे तर राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे तो अन्न व औषध प्रशासन देते, मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. स्वतःची जागा नसेल तर परवानाधारक कारखान्यात आपला माल करून घेण्याचा लोन लायसन्सचा मार्ग आहे. बचत गटांना तोच परवडण्याजोगा. लेबलवर बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, घटकांची यादी, वजन, किंमत, वापरण्याची अंतिम तारीख आणि उत्पादकाचा पत्ता हवा. आणि "इसब बरा करतो" असे काही लिहिले की ती वस्तू सौंदर्यप्रसाधनाच्या चौकटीबाहेर जाते आणि वेगळे कायदे लागू होतात.

भाऊबीजेला भेट म्हणून देताना परवाना लागत नाही. तरी वडीच्या कागदावर ओतल्याची तारीख, वापरलेली तेले आणि सुगंधाचे नाव लिहावे. शेंगदाणा तेल असेल तर ठळक, कारण काहींना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते.

आपले,
घरगुती साबण व सुगंधी वस्तू करणारे व शिकवणारे काही जण,
गिरगाव व परळ, मुंबई